पेटीचा भाता

माहेरी सोनपेठला भाता म्हटलं की पेटीचाच. वडील दिवसभर तहसिलात उर्दू दफ्तर लिहायचे आणि घरी आले की मला पेटी शिकवायचे. हैदराबादेहून आणवलेली ती पेटी त्यांनी लग्नात माझ्याबरोबर दिली. सासरी मानवतला मात्र भाता असायचा तो लोहाराचा, नाहीतर दम लागलेल्या माणसाच्या छातीचा.

दुसऱ्याच वर्षी मेल्या उंदरांनी भात्याच्या घड्यांचे कोपरे कुरतडले. कितीही हलवा, हवा फुस्स. कोपऱ्यांना पातळ कातडं लागतं, पेटी मोच्याकडे पाठवा, असं मी सासूबाईंना म्हणाले. त्यांनी कानांवर हात ठेवले.

"कातडं? लिंगपूजेच्या घरात?"

"अहो आत्याबाई, पहिल्यापासून कातडंच होतं त्याला."

इथेच माझं चुकलं. पेटी त्याच दिवशी गोठ्यात गेली. "हवाच घालायची हाय तर चुलीला घाल. फुंकणी हाय की घरात," असा वर टोमणा. मळ्यातली मोट कातड्याची, त्या पाण्यावर पिकलेल्या गव्हाचा नैवेद्य देवाला चालायचा. पण सांगणार कुणाला, पालथ्या घड्यावर पाणी!

मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या खळीने चिकटवल्या. उंदरांनी त्या खळीसकट खाल्ल्या. मेण लावलं, ते उन्हाळ्यात वितळलं. चार वर्षं नुसता वैताग. गोठ्यात जाऊन मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची आणि कुणी आलं की शेण काढायला लागायचं.

शेवटी मामंजींना, माझ्या सासऱ्यांना, दया आली. त्यांच्यापुढे आत्याबाईंचं काही चालत नसे. एका बाजाराला ते स्वतः पेटी घेऊन गेले आणि मोच्याकडून कोपरे बसवून आणले. श्रावणी सोमवारी ओसरीवर ठेवून म्हणाले, "वाजव, सूनबाई." बोटं अडखळली, पण भाता भरला, सूर लागला आणि मला रडूच फुटलं. मामंजी डोळे मिटून ऐकत होते.

"लय गोड हाय," ते म्हणाले. "असली चीज घरात ठिऊन काय करायची? मठात देऊन टाकू. भजनाला कामी येईल."

संध्याकाळी गडी ती डोक्यावर घेऊन गेला. मला विचारलंसुद्धा नाही.

मठात पेटीवर पुरुषच बसायचे. दर सोमवारी मी बायकांत, पार दाराशी बसायचे. वाजवणारा भाता मध्येच सोडायचा, सूर अर्ध्यात पडायचा, आणि मला ते सांगताही यायचं नाही.