देवाचे डोळे

प्रदर्शनाचं नाव ठरलं होतं, ‘दिसतं ते’. फोटो मात्र एकही नव्हता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पाण्यातली प्रतिबिंबं उलटी टांगायची आणि कॅमेरा किती खोटारडा असतो ते लोकांना दाखवायचं, असा माझा दीडशहाणपणा. तलावांसाठी भंडारा जिल्ह्यासारखी जागा नाही, म्हणून कापणीच्या दिवसांत नागपूरहून पवनीची एस.टी. पकडली.

रस्ता हाडं खिळखिळी करणारा. पवनीच्या स्टँडवर तर्रीपोहे खाऊन घ्यावेत, कारण आसगावची गाडी आपल्या मर्जीने येते. गावात लॉज नव्हतं. मित्राच्या ओळखीच्या धनराजभाऊंकडे उतरलो. नव्या तांदळाचा भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण मी लाज सोडून खाल्लं.

समोर भिंतीवर एका लहान मुलाचा फोटो होता. खुर्चीत बसलेला, डोळे टक्क उघडे. तो त्यांचा देवा, मागल्या साली तापाने गेलेला. जिवंतपणी त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. न्यायच्या आधी खुर्चीत बसवून तेवढा एक काढला. तेव्हा तशी रीतच होती. मिटलेले डोळे मग स्टुडिओवाला ब्रशने उघडून द्यायचा.

त्याची आई, कौसल्याबाई, फोटो उतरवून माझ्यासमोर बसल्या. “भाऊ, हे डोरे माह्या देवाचे नोहोत. त्याचे आठवाले जातो तं हेच दिसून राहिले मले. पुसून द्या.”

“बंद डोर्‍याचा फोटो लावाव तं पोरगा मेलाच म्हन ना!” धनराजभाऊ ओरडले.

“मेलाच आहे,” त्या म्हणाल्या.

भाऊ उठून बाहेर गेले. दुसर्‍या दिवशी तलावावर गेलो, पण एकही फोटो घेतला नाही. देवाचा फोटो तेवढा घेऊन निघालो. वाटेत, तो ज्यांनी काढला होता त्या स्टुडिओत निगेटिव्ह विचारली. ती केव्हाच फेकली होती.

घरी टर्पेंटाइनच्या बोळ्याने हलक्या हाताने रंग पुसला. खाली मिटलेले डोळे नव्हतेच. रंग धरावा म्हणून स्टुडिओवाल्याने तेवढा भाग ब्लेडने खरवडला होता. दोन पांढरे कागदी डाग. तो फोटो तसा परत नेणं शक्यच नव्हतं. शेवटी आरशासमोर एक डोळा मिटून, दुसर्‍याने पाहत, मी माझीच पापणी त्याच्या चेहर्‍यावर रंगवली. मग दुसरी.

पुन्हा आसगाव गाठलं. कौसल्याबाईंनी फोटो मांडीवर घेतला. “असाच निजे.”

“बाई, खालचे डोळे उरले नव्हते. या पापण्या मी काढल्यात, माझ्या पाहून.”

त्यांनी मान वर केली नाही. “असू द्या. निजला न आता.”

परत आल्यावर प्रदर्शन रद्द केलं. लोक कारण विचारायचे, मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. आसगावला जरूर जा, हिवाळ्यात तलाव सुंदर दिसतात. मला मात्र तिकडे जाववत नाही. तिथे एका भिंतीवर तो मुलगा माझ्या पापण्या मिटून निजलाय, आणि त्याचे स्वतःचे डोळे आता कुणालाच आठवत नाहीत, त्याच्या आईलासुद्धा.