न झालेल्या चाचणीचा निकाल

आई गेल्यापासून ताईला एकच घोर होता: मी या घरात एकटा निभावतो का? ती वडवणीला दिलेली, मी नांदूरघाटजवळ आमच्या गावातच. ती रोज फोन करायची आणि मी रोज "मजेत हाय" म्हणून तिला वाटेला लावायचो.

माझं काम गावात कुणाला सांगून कळत नाही, म्हणून मी सांगायचंच सोडलंय. कॉम्प्युटरच्या आतली घड्याळं वेळेवर वाजतात का, हे तपासणाऱ्या चाचण्या मी घरी बसून लिहितो. त्यातलं एक घड्याळ झोपलेल्या मशीनला उठवतं. काही मशीनमध्ये ते नसतंच. तिथं आमची चाचणी 'नापास' म्हणून मोकळी व्हायची आणि पुढच्या साऱ्या अडून राहायच्या. नापासाच्या त्या लाल ओळींचा मला वैताग आला. घड्याळ नसेल तर सरळ 'पास' लिही, असं मी करून टाकलं आणि तपासणीला पाठवलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी उत्तर आलं. माझं काम तपासणाऱ्या, कधी न पाहिलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं: जी चाचणी झालीच नाही ती पास कशी? 'वगळली' म्हणा, कारण लिहा आणि पुढच्या चालू द्या. मी चिडलो. पण बाईंचं खरं होतं. मुकाट्यानं दुरुस्ती केली.

आईचं वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात सण नव्हता. अशा घरी शेजारी पुरणपोळीचं ताट देतात. त्या दिवशी प्रत्येकाला वाटलं असणार, दुसऱ्यानं दिलं असेल. दुपार टळली तरी दार वाजलं नाही. मागायला जायची लाज वाटली. दूध-बिस्किटावर भागवलं. भुकेचं काही नाही, पण विसरले याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "ताट आलतं का रे?"

"आलतं की. लई जेवलो."

तिला बरं वाटलं. बैलांची शिंगं कशी रंगवली ते ती सांगू लागली आणि मला ऐकवेना. सकाळी चाचणीतून जो खोटा 'पास' खोडला, तोच मी बहिणीला सांगत होतो.

"ताई, ताट आलंच न्हाई," मी मधेच म्हणालो. "मी मजेत बी न्हाई. घर खायला उठतंय."

मला वाटलं, आता ओरडणार, नाहीतर उद्याच्या गाडीनं न्यायला येणार.

"रोज फोन ठेवल्यावर मला वाटायचं," ती म्हणाली, "आईसाठी मी एकटीच रडतीय."