चांदीची मूठ

माझ्या भावाच्या वाढदिवसाला त्याच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या गाडीच्या किल्लीला चांदीची मूठ करून द्यायचं ठरवलं. आमच्याकडं पुढाऱ्याला काय द्यायचं याची रीतच पडून गेलेली आहे. तलवार देऊन झाली, गदा देऊन झाली, फेटा तर उठताबसता. मग राहिली ती किल्ली. दादानं ती गेवराईच्या एका सोनाराकडं दिली आणि त्याची पांढरीशुभ्र मोठी गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली, कारण दुसरी किल्ली कधीच कुठल्या तरी सभेच्या गर्दीत हरवली होती. सोनारानं वरचं काळं प्लॅस्टिक फोडून काढलं, आतलं लोखंडी पातं चांदीच्या मुठीत बसवलं आणि वर देवीचा मुखवटा उठवला. प्लॅस्टिकची टरफलं त्यानं इमानदारीनं कागदाच्या पुडीत बांधून परत दिली. दादानं पुडी ओट्यावरून खाली भिरकावली आणि किल्ली गल्लीभर दाखवत फिरला.

मला तेलगावला दिलेलं. तलवाड्याजवळच्या माहेरी मी त्या दिवशी आले होते, ती काही चांदी बघायला नाही. दुसऱ्या दिवशी माय कपिलधारला जाणार होती.

हे कपिलधारचं जुनं होतं. दादा लहान असताना माय मेंढरांमागं त्या डोंगरात होती आणि पोर तापानं फणफणलं. जवळ ना डॉक्टर ना गाडी. मायनं धबधब्यापाशी पदर पसरला आणि नवस बोलली, पोरगं जगू दे, त्याला हाताला धरून दर्शनाला आणीन. पोरगं जगलं. मेंढरं गेली, शेती आली, पोरगं पुढारी झालं. नवस तसाच राहिला. मी तिला एसटीनं केव्हाही नेलं असतं, पण ज्याच्यासाठी बोलले त्यालाच न्यायचं, असं ती म्हणायची, आणि देवाशी केलेल्या बोलीत मी कुठं तोंड घालणार? दादा दरवर्षी म्हणायचा, जाऊ की माय, पळून चाललाय का देव? देव नव्हता चालला, मायचे गुडघे चालले होते. म्हणून या खेपेला मी त्याच्याशी कडाकडा भांडले आणि एक दिवस काढून घेतला.

सकाळी माय हिरवं लुगडं नेसून, धपाट्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत पुढं बसली. दादानं किल्लीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप झालं. परत फिरवली, परत तेच.

मग काय, अंगण कार्यकर्त्यांनी भरलं. एकानं बॅटरीच्या तारा घासल्या. दुसरा म्हणाला, डिझेलमध्ये पाणी हाय. तिसऱ्यानं समोर लिंबू ठेवलं. मी मागच्या सीटवरून बघत होते. समोर किल्लीच्या चित्राचा एक तांबडा दिवा सारखा लुकलुकत होता. मी म्हटलं, "दादा, त्यो दिवा बघ ना. किल्लीचंच काय तरी बिघडलंय."

"तुला काय कळतंय गाडीतलं? गप बस."

 आमच्या घरात बाईनं दाखवलेली गोष्ट दिसायला आधी एखाद्या पुरुषानं सांगावी लागते.

शेवटी धक्का मारायचं ठरलं. मायला म्हणाले, उतर. ती म्हणाली, "न्हाई उतरायची. उतरले की राहून जातंय माझं." मग तिच्यासकट गाडी ढकलत वेशीपर्यंत नेली. ती गाठोडं धरून ताठ बसली होती, आणि दारादारातल्या बायकांकडं बघून हसत होती. त्या हसण्याचा मला आजही राग येतो. तिला वाटत होतं, निघालो आपण.

गाडी वेशीत अडून बसली. तेव्हा एका कार्यकर्त्यानं बीडला, गाडी घेतली होती त्या दुकानात फोन लावला. तिकडच्या माणसानं आधी हेच विचारलं, समोर तांबडा दिवा लुकलुकतो का? लुकलुकत होता. मग दादाला दिसला. फोनवरचा माणूस म्हणाला, किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारकी काळी चिप असते, ती जवळ असल्याशिवाय गाडी किल्लीला ओळखत नाही. ते प्लॅस्टिक कुठं आहे?

"कुणी फेकलं बे ते?" दादा कार्यकर्त्यांवर ओरडला. स्वतः फेकलं होतं, पण हे त्याला कोण सांगणार! सगळे पळत घराकडं गेले, मागोमाग मी. ओट्याखाली, गटारीत, उकिरड्यात हात घालून हुडकायला लागले. पांढऱ्या कपड्यातली माणसं शेणात हात घालताना बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी वेशीत परतले तेव्हा माय गाडीतूनच म्हणाली, "काय हुडकायलेत गं समदे?"

तोवर तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. तिनं कमरेची चंची सोडली. पानसुपारीच्या कप्प्यामागून कागदाची पुडी काढली. "हे व्हय? आंगणात पडलं होतं. म्हटलं कशाला टाकावं, काय तरी कामाला यील." काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सगळ्यांना हाका मारून परत बोलावलं, काळं टरफल किल्लीशेजारी धरलं आणि गाडी सुरू झाली. वेशीत टाळ्या पडल्या. दादानं मायच्या खांद्यावर थाप मारली, "माय, तू लई हुशार हायस!" माय लाजली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पक्षाचे मोठे साहेब फाट्यावरून जाणार होते, दहा मिनिटं थांबणार होते. दादाचा चेहराच बदलला. किल्ली त्याच्या हातात होती आणि ती साहेबांना दाखवायची होती.

"माय, उद्या जाऊ. नक्की. आज जरा उतर."

ती उतरली. वेशीपर्यंत ढकलत नेली तरी जी उतरली नव्हती, ती पोराच्या एका शब्दावर उतरली. गुडघे धरून, गाठोडं सांभाळत, हळूहळू. तिच्या जागेवर कार्यकर्ता बसला. गरज सरो, वैद्य मरो. मी दादाला वाट्टेल ते बोलले, पण गाडीच्या काचा वर होत्या.

घरी येऊन आम्ही दोघी धपाटे खायला बसलो.  माय म्हणाली, "कामाचा माणूस हाय गं त्यो. गाडी तर सुरू झाली, बास झालं." मी तिच्यावरच ओरडले. दादावरचा राग तिच्यावर काढायची सवय मला लहानपणापासूनची, कारण ती ऐकून घ्यायची.

उद्या काही उजाडला नाही. पंचायत समितीची निवडणूक आली, मग एक लग्न, मग आणखी काही. मायनं परत कधी विषय काढला नाही. थंडीत ती अंथरुणाला खिळली आणि होळीच्या आधी गेली.

राख सावडली त्या सकाळी गोदावरीला जायचं होतं. मी राखेचा लोटा घेऊन मागं बसायला निघाले, तर दादानं तो माझ्या हातातून घेतला. "मायला पुढं बसू दे," तो म्हणाला. "तिला लई आवडायचं पुढं बसायला." खरंच रडत होता तो. लोटा कलंडू नये म्हणून त्यानं त्याला सीटचा पट्टा लावला. मग चांदीच्या मुठीला दोऱ्यानं बांधलेलं ते काळं टरफल सरळ केलं आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या झटक्यातच सुरू झाली.