सारवलेल्या टोपल्या

बाजारातून येऊन पंचफुला अंगणात पाय टाकते न टाकते तोच तिचं डोकं भणभणलं. विदेशात जायच्या टोपल्या उन्हात मांडलेल्या होत्या, आणि एकूणएक शेणानं सारवलेल्या! कोपरापर्यंत हात भरलेली तिची सासू मनकर्णाबाई शेवटच्या टोपलीवरून प्रेमानं बोटं फिरवत होती.

"आत्याबाई! हे काय करून ठेवलं?"

"सारवल्या. तू तं तशाच नागड्या धाडून राह्यली होतीस."

सेलूच्या बाजारात प्लास्टिक आल्यापासून बुरडाच्या टोपल्यांना कोणी विचारत नव्हतं. पंचफुला लोकांच्या वावरात निंदायला जायची. त्यात वर्ध्याच्या एका संस्थेच्या कोकिळाताई देवासारख्या आल्या. तिकडच्या देशात म्हणे करणाऱ्याला रास्त दाम देणारी दुकानं आहेत. बाजारहाटाला न्यायच्या कड्यांच्या टोपल्या त्यांना हव्या. पहिला माल पसंत पडला की वर्षभर काम. उद्या जीप येणार होती.

"मी सांगतलं होतं ना, कोऱ्या पिवळ्या पाहिजेत त्याईले!"

"त्याईले काय समजते? फटीतून ज्वारी सांडली तं नाव आपलंच निघन."

"ज्वारी नाई भरत वो ते! भाजी आणते, पाव आणते."

"मंग पीठ कशात ठेवते?"

पंचफुलानं कोनाड्यातल्या देवीकडं पाहिलं. "माय, तूच समजाव आता हिले."

पंचफुला काथ्या घेऊन घासायला बसली. बांबू काळा पडला, पण विणीतलं शेण हलेना. सासू शेजारी उभी राहून कौतुकानं म्हणाली, "पाह्य, निघते का? मेथी वाटून घातली त्यात. असं सारवते मी!"

पंचफुलाला रडावं की काथ्या फेकून मारावा कळेना.

दुसऱ्या दिवशी कोकिळाताईंनी कपाळाला हात लावला. "माझ्या आईकडं अशाच असतात हो. पण या नाही चालणार. मी त्यांना आठ दिवस थांबवते. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या गावाला जाईल."

मग पंचफुला रात्रंदिवस विणत सुटली. सासूला तिनं बांबू चिरायला बसवलं. शेजारच्या रुख्माबाईच्या गोठ्यातलं शेण मात्र कोंबडा आरवायच्या आत उचलून आणायची आणि सगळ्याच्या गोवऱ्या थापून मोकळी व्हायची. म्हातारीच्या हाताला चिमूटभर लागू द्यायची नाही.

जीप कोऱ्या टोपल्या घेऊन गेली, पुढच्या मालाचं सांगून गेली. मनकर्णाबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. "गेल्या नागड्याच," एवढंच म्हणाली.

सांजच्याला रुख्माबाई तूर ठेवायला टोपली मागायला आली. सारवलेल्यांतली एक उचलून तिनं फिरवून फिरवून पाहिली, कड्या ओढून पाहिल्या.

"काऊन वो काकू, याले हे कान कशाले?"

मनकर्णाबाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं. "विदेशी हाये ते. नीट धरजो."

पंचफुलानं नुसता कपाळावर हात मारला, आणि नवी टोपली विणायला घेतली.