बिनबेल्टचा पंखा

ऊसतोडणी मशीनच्या रेडिएटरवर पाचट साठतं, तसे आमच्यात किस्से साठतात. अधूनमधून उलटा वारा मारून जाळी मोकळी केलेली बरी!

आम्ही तिघं. सांगलीकडचे आप्पा मालक, कराडचा बापू मेकॅनिक, आणि मशीन चालवणारा मी. ह्या मशीननं बापूची आणि माझी चूल पेटती ठेवलीय, त्यामुळं हसलो तरी हात जोडूनच.

*

मशीन आलं त्या पहिल्याच दिवशी आप्पांनी ते थांबवलं. "पंखा आजारी हाय. हळू फिरतोय. आन् बेल्ट कुठाय?"

बापू म्हणाला, "आवं आप्पा, ह्याला बेल्ट नसतोय. इंजिन पंप फिरवतंय, पंप तेल ढकलतोय, त्या तेलाच्या जोरावर मोटर आन् पंखा फिरतोय. पाणी गार हाय तवर व्हॉल्व बरंचसं तेल परत टाकीला धाडतोय. पाणी तापलं की तेल मोटरीला, मग बघा!"

आप्पा म्हणाले, "म्हंजे आमच्या जावयागत. सासरा तापल्याबिगर हलत न्हाई!"

तरी जुन्या ट्रॅक्टरचा बेल्ट त्यांनी केबिनमध्ये आणून टांगलाच. "असू दे अडचणीला." मी त्याला जेवणाचा डबा अडकवायचो. तेवढाच बिचारा कामी आला!

*

हंगामाची पूजा. आप्पांनी जाळीवर मूठमूठ हळद वाहिली. सांगलीची हळद, कंजुषी कसली! मी आपला वर केबिनमध्ये. पूजेआधी जाळी साफ करायची राहिली होती, म्हणून पंखा उलटा फिरवायचं बटन दाबलं.

आप्पा टोपीपासून धोतरापर्यंत पिवळेधमक!

आप्पांच्या घरच्या काकी म्हणाल्या, "ह्या वयात परत हळद? नवरी कोण, ते तरी सांगा!"

*

मग एकदा तेलाची नळी फुटली. तेल गळालं, पंखा थांबला, इंजिन तापलं. बापूनं तासाभरात नळी बदलली, पण आप्पांचं डोकं काही गार होईना. "बेल्ट असता तर? न्हाई, इकून टाकतो!"

लोणंदचं गिऱ्हाईक रविवारी येणार ठरलं. बापू आणि मी एकमेकांकडं बघायचं टाळू लागलो. मशीन गेलं की आमचंही काम गेलं.

*

रविवारी काकींचा हरभरा खळ्यावर तुडवून पडलेला, वाऱ्यावर उफणून भुसा काढायचा राहिलेला. वारा साफ थांबलेला, पान हलेना. आणि कराडकडून काळं आभाळ चढत आलेलं! हरभरा भिजला तर वर्षाची डाळ गेली.

मी मशीन जाळी खळ्याकडं करून उभं केलं आणि पंखा उलटा सोडला. तो एका दमात थोडाच वेळ चालतो, मग मी पुन्हा बटन दाबायचो. "आलं वारं!" म्हणून ओरडायचो, की काकी सूप उंच धरायच्या. भुसा शेजारच्या रानात, हरभरा पायाशी! आप्पा धोतर खोचून पोती भरत होते. शेवटचं पोतं घराच्या सोप्यात गेलं आणि टपटप थेंब आले.

तेवढ्यात फटफटीवरून गिऱ्हाईक उतरलं. "आप्पा, मशीन दाखवताय न्हवं?"

आप्पांनी काकींकडं बघितलं.

काकींनी सुपातला भुसा झटकला. "च्या घ्या पाव्हणं, आन् पाऊस वाढायच्या आत लोणंद गाठा. आमचा गहू अजून उफणायचाय!"