दौलत मेस्त्रीचा राखणदार

आमच्या दौलत मेस्त्रीला नुसती मोकळी जागा बघवत नसे. गावात एकेका धोंड्याला त्यानं एखादं भूत नाहीतर देव नेमून दिलेला. तेलाच्या तेजीत आम्ही सुतारकामाला आखातात दम्मामजवळच्या कॅम्पात गेलो, तर तिथं नजर जाईल तिथवर वाळू! बिचाऱ्याची उपासमारच व्हायची. पण कॅम्पामागच्या टेकाडावर त्याला तीन काळे, तेलकट धोंडे सापडले.

"जागेचो राखणदार आसा ह्यो," मेस्त्री म्हणाला. "हंय तेल कित्याक गावता? ह्येच्याच कृपेन!"

म्हणजे इंजिनियर लोक उगाच जमिनीत भोकं पाडत होते म्हणायचे.

गाऱ्हाणं घालायला नारळ नाही, म्हणून खजूर. दारूचं तर नाव नको, म्हणून ताकाची पिशवी. मेस्त्री डोळे मिटून "बा देवा म्हाराजा" करी आणि आम्ही बावळट चपला काढून, भाजत्या वाळूत पाय नाचवत "व्हय म्हाराजा" म्हणू. कुणाची सुट्टी मंजूर झाली, तर मेस्त्रीची पुण्याई. नाही झाली, तर ताक आंबट होतं.

मेसमध्ये त्याला रांग नाही. पहिलं ताट त्याचं, कूलरसमोरची खुर्ची त्याची. तीत बसून तो नुसता फुगत गेला.

मग कंपनीचं ठरलं, टेकाड सपाट करून शेड घालायची. मेस्त्रीचं तोंड उतरलं. देव गेला की खुर्ची गेली! त्यानं जाहीर केलं, "धोंड्याक हात लावतलो तो थंयच आडवो पडतलो!"

बुलडोझरच्या आधी आला म्हातारा चौकीदार मुबारक. माणूस तिथलाच, तंबूत वाढलेला. सरळ टेकाडावर चढला आणि एक धोंडा पोटाशी धरून उचलला. आम्ही दोन पावलं मागं सरलो. मुबारक काही आडवा पडला नाही.

"ये मेरा माँ का चूल्हा," तो हसून म्हणाला. "कंपनी नहीं था, तब हमारा तंबू इधर."

काळेपणा धुराचा, तेलकटपणा चरबीचा. आणि आम्ही चुलीला ताक पाजत होतो!

तो धोंडा आईची आठवण म्हणून गाडीत घालून मुबारक गेला. "खलास!" म्हणत आमच्या आचारी पांडूनं उरलेले दोन मेसमागं नेले, जोडीला एक वीट लावली आणि चहाचं आधण ठेवलं.

मेस्त्री सवयीनं पुढं घुसला. पांडूनं हातातला डाव आडवा धरला.

"राखणदारानु, लायनीत येवा."

मेस्त्री शेवटी जाऊन उभा राहिला. रांग सरकत तो चुलीपाशी आला, आणि कप हातात घेण्याआधी त्यानं हळूच चपला काढल्या.

माझा निम्मा चहा हसण्यात सांडला.