जावेची साखर

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात धाकटी छापील पानांचे फर्मे जुळवत बसली होती, तेव्हा मोठे दीर दारात येऊन उभे राहिले. अकरा वर्षांत ते तिकडे कधी फिरकले नव्हते. हाताची खळ पुसत ती बाहेर गेली.

"तुला सुई टोचता येते ना?" ते म्हणाले. "माझा हात थरथरतो."

त्यांच्या बायकोला, थोरलीला, आतड्याचा कॅन्सर झालाय, केमो सुरू आहे, एवढं धाकटीच्या कानावर होतं. उलट्या होऊ नयेत म्हणून केमोबरोबर स्टेरॉइड देत. त्याने साखर चारशेच्या वर गेली आणि डॉक्टरांनी जेवणाआधीचं इन्सुलिन लिहून दिलं. धाकटी स्वतः वीस वर्षं पोटाला सुया टोचून घेत होती. घरात त्यातलं कळणारी ती एकटीच.

दोघी एकाच इमारतीत राहत, वरखाली. बोलणं मात्र बंद. सातव्या महिन्यात धाकटीचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा थोरली चार बायकांत म्हणाली होती, "चोरून गोड खात असणार, दुसरं काय." तेव्हापासून.

त्याच दुपारी धाकटी जिना चढली. राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. कीवही आली नाही. थोरलीच्या पोटावर चिमटीत धरायलाही काही उरलं नव्हतं. तिने सुई टोचली, दहापर्यंत मोजलं आणि खाली उतरली. मग रोजच, जेवणाच्या सुट्टीत एकदा, संध्याकाळी एकदा.

दुसऱ्या केमोनंतर घोळ झाला. सुई टोचून झाली, थोरलीने दोन घास खाल्ले आणि सगळं बाहेर काढलं. पाऊण तासात तिला दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. मशीनवर आकडा आला अठ्ठेचाळीस. दीर डॉक्टरांचा नंबर शोधत राहिले. धाकटीने पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि थोरलीला टेकवून बसवून ते पाणी घोट घोट पाजलं.

"असंच होतं तुला?" थोड्या वेळाने थोरलीने विचारलं.

"कधीकधी."

"घरात एकटी असतेस तेव्हा?"

"हो."

थोरली भिंतीकडे बघत राहिली. "मी तेव्हा तसं बोलायला नको होतं."

"पंधरा मिनिटं झाली," धाकटी म्हणाली. "बोट द्या, पुन्हा बघू."

शहाण्णव.

डॉक्टरांनी फोनवर पद्धत बदलून दिली. आधी जेवण, पोटात किती टिकतंय ते बघायचं, त्या मानाने सुई. उलटी झाली तर आधी फोन. म्हणून आता थोरलीची वाटी संपेपर्यंत धाकटी समोर बसून राही.

"तू अशी टक लावून बसलीस की घास उतरत नाही," थोरली एकदा म्हणाली.

"मग डोळे मिटते."

आणि तिने खरंच मिटले. थोरलीला हसता हसता खोकला आला.

आठ केमो झाले. तपासणीत गाठ दिसली नाही. स्टेरॉइड थांबलं, महिन्याभरात इन्सुलिनही सुटलं. शेवटच्या दिवशी थोरली जिन्यापर्यंत आली. ती काही बोलेल म्हणून धाकटी एका पायरीवर थांबली.

"सावकाश उतर," थोरली म्हणाली.

घरी येऊन धाकटीने स्वतःचं बोट टोचलं, आकडा बघितला, सुई घेतली आणि जेवायला बसली. आता आपल्याला हलकं वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने बराच वेळ वाट बघितली. मग ताट उचललं आणि विसळायला घेतलं.